रुग्णवाहिकेने कार्डिअॅक अरेस्टच्या रुग्णाला दिलेली सेवा चांगली होती की नाही, हे कशावरून ठरवावे?

अनुमान

रुग्णवाहिका सेवांचे वार्षिक अहवाल तपासणे हा माझ्या कामाचा भाग आहे आणि त्यांत एक उणीव मला वारंवार दिसते. अचानक हृदयक्रिया बंद पडलेल्या, म्हणजेच कार्डिअॅक अरेस्ट झालेल्या रुग्णांना कशी सेवा मिळाली, या प्रश्नाचे उत्तर अनेक अहवाल एकाच आकड्याने देतात: फोन आल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत किती मिनिटे लागली. हा आकडा मोजायला सोपा आहे, तो दरवर्षी उपलब्ध असतो आणि वाचणाऱ्याला लगेच समजतो. तरीही केवळ त्यावरून सेवेचा दर्जा ठरवणे मला चुकीचे वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

वेळेचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. कोणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि हृदयाची लय विजेच्या शॉकने सुधारू शकेल अशा स्थितीतल्या रुग्णाला सीपीआर (छातीवर वारंवार दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणे) आणि शॉक यांपैकी काहीच मिळाले नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. शेजारच्या माणसाने सीपीआर सुरू केला तर हीच घट ३ ते ४ टक्क्यांपर्यंत मंदावते. पण घड्याळ नेमके कुठे थांबवले जाते? गाडी इमारतीच्या दाराशी उभी राहिली की नोंद पूर्ण होते, आणि रुग्ण मात्र अजून कितीतरी जिने वर असतो. टोरोंटो आणि लगतच्या भागातील घरांत झालेल्या कार्डिअॅक अरेस्टचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या मजल्याच्या खालच्या रुग्णांपैकी ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवरचे २.६ टक्के वाचले, सोळाव्या मजल्याच्या वर हे प्रमाण १ टक्क्याहूनही खाली गेले आणि पंचविसाव्याच्या वर कोणीच वाचले नाही. या सर्व रुग्णांसाठी खरी वेळ होती ती पॅरामेडिकचा हात रुग्णाच्या छातीवर पडेपर्यंतची, आणि अहवालांत नेमकी तीच नसते.

वेळेची मर्यादा ठरवून दिली की आणखी एक अडचण उभी राहते. इंग्लंडमध्ये अनेक वर्षे अतितातडीच्या ७५ टक्के फोनना ८ मिनिटांच्या आत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. अशा मोजणीत ७ मिनिटे ५५ सेकंदांत पोहोचलेल्या गाडीतला रुग्ण दगावला तरी ते यश ठरते, आणि ८ मिनिटे १० सेकंदांनी पोहोचून वाचवलेला रुग्ण अपयशात जमा होतो. २०१७ मध्ये तेथे ही पद्धत बदलून सर्वांत गंभीर गटासाठी सरासरी ७ मिनिटे आणि दहापैकी नऊ फोनना १५ मिनिटांच्या आत, अशी दुहेरी कसोटी आणली गेली. शेपटीकडचे, म्हणजे सर्वांत उशिरा मदत मिळालेले रुग्ण त्यामुळे निदान नजरेआड होत नाहीत.

आणि पोहोचल्यानंतर काय होते, हे तर वेळेच्या आकड्यात मुळीच येत नाही. २००५ मध्ये स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतील आकर्सहुस येथील रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या सीपीआरची यंत्राने केलेली नोंद प्रसिद्ध झाली. रुग्णाचे रक्ताभिसरण बंद असतानाच्या एकूण वेळेपैकी ४८ टक्के वेळ छातीवर दाब दिलाच जात नव्हता, आणि दाबाची सरासरी खोली ३४ मिलिमीटर, म्हणजे तेव्हाच्याही शिफारशीपेक्षा कमी होती. हे सर्व प्रशिक्षित कर्मचारी होते. यंत्राने नोंद केली नसती तर यांतले काहीही कोणाच्या लक्षात आले नसते.

तुम्हाला एकच पान दिले, तर त्यावर कोणते आकडे छापाल? या क्षेत्रातील सदस्यांनी अवश्य लिहावे.

छेद

आकडा कोणताही छापा, त्याखालची संख्या कोणाची आहे हे आधी लिहा. कार्डिअॅक अरेस्टच्या आकडेवारीतले बहुतेक गोंधळ अंशात नसून छेदात असतात.

१९९०च्या आसपासची उदाहरणे पाहा. शिकागोतून सुमारे २ टक्के आणि न्यूयॉर्कमधून १.४ टक्के रुग्ण वाचल्याचे प्रसिद्ध झाले, तर सिअॅटलकडून याच्या कितीतरी पट आकडे येत होते. यांतला काही फरक सेवेतला होता, पण काही फरक कोणाला मोजले आणि कोणाला वगळले यातला होता. आणि तो वेगळा काढण्याची सोय तेव्हा नव्हती. जून १९९० मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगरजवळच्या उत्स्टाइन मठात तज्ज्ञांची बैठक भरली ती याच कारणासाठी. त्यातून १९९१ मध्ये नोंदणीचा समान आराखडा तयार झाला, जो पुढे २००४, २०१५ आणि २०२४ मध्ये सुधारण्यात आला. कोसळताना कोणी पाहिले का, आधी कोणी सीपीआर दिला का, पहिली लय कोणती होती, उपचार सुरू केले की नाहीत, अशा क्रमाने सर्व रुग्णांची गाळणी त्यात दाखवावी लागते. कोसळताना कोणीतरी पाहिलेले आणि पहिली लय शॉक देण्याजोगी असलेले रुग्ण हा त्यातला तुलनेसाठीचा गट, ज्याला उत्स्टाइन गट म्हटले जाते.

छेद बदलल्याने काय होते याचे कल्पित उदाहरण देतो. एखाद्या सेवेने २०० रुग्णांवर उपचार सुरू केले आणि १६ वाचले, तर प्रमाण ८ टक्के येते. पुढच्या वर्षी तेवढेच रुग्ण असताना, ज्यांच्या बाबतीत आशा फारच थोडी होती अशा ६० जणांवर उपचार सुरूच केले नाहीत आणि तेच १६ वाचले, तर प्रमाण ११.४ टक्के होते. एकही माणूस जास्त वाचलेला नाही. उपचार सुरू न करण्याचा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकतो, हे मला मान्य आहे. परंतु तो निर्णय किती वेळा झाला, हे छापल्याशिवाय टक्केवारीला अर्थ उरत नाही.

उत्स्टाइन गटातही एक सापळा आहे आणि तो फारसा चर्चिला जात नाही. शॉक देण्याजोगी लय उपचाराविना तशीच टिकत नाही. मिनिटे जातात तशी ती मंदावत सपाट रेषेत बदलते. समजा दोन शहरांत प्रत्येकी १०० रुग्ण सारख्याच लयीत कोसळले. पहिल्या शहराची गाडी लवकर पोहोचली, त्यामुळे ८० जणांत ती लय अजून सापडली आणि त्यांतले ३२ वाचले. दुसऱ्या शहरात उशीर झाल्याने ३० जणांतच ती सापडली आणि त्यांतले १२ वाचले. दोन्ही शहरांचे उत्स्टाइन प्रमाण ४० टक्केच आले. ज्या रुग्णांना उशिराचा फटका बसला, ते उशीर झाल्यामुळेच छेदातून बाहेर पडले. म्हणून या टक्केवारीच्या शेजारी दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला किती जण वाचले, हा आकडा असायलाच हवा. त्यात ३२ आणि १२ यांतला फरक लपत नाही.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात काम करते, त्यामुळे माझा मुद्दा अंशाविषयी आहे. 'वाचला' म्हणजे नेमके काय?

रुग्णवाहिका सेवांना सर्वांत सोयीची व्याख्या म्हणजे रुग्णालयात पोहोचताना नाडी परत आलेली असणे. ही नोंद गाडीतच होते आणि कोणाकडे काही मागावे लागत नाही. पण नाडी परत येणे आणि माणूस परत येणे यांत मोठे अंतर असते, आणि ते दाखवणारा पुरावा भक्कम आहे. ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक रुग्णांवर अॅड्रिनलिनची चाचणी झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. अॅड्रिनलिन मिळालेल्या ३६.३ टक्के रुग्णांत रुग्णालयाआधीच नाडी परत आली, तर न मिळालेल्यांत केवळ ११.७ टक्के. नाडी हीच कसोटी मानली असती, तर या औषधाने परिणाम तिप्पट केला असे जाहीर झाले असते. तीस दिवसांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण मात्र ३.२ आणि २.४ टक्के होते, आणि मेंदूचे कार्य चांगले राहून घरी गेलेल्यांचे २.२ आणि १.९ टक्के, ज्यातला फरक निश्चित म्हणता येत नाही. अॅड्रिनलिन गटातल्या वाचलेल्या रुग्णांत मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचे प्रमाणही अधिक होते.

कॅनडातील ओंटारियोचा २००४ मधला अभ्यासही असाच आहे. लवकर शॉक देण्याची व्यवस्था आधीच असलेल्या ठिकाणी श्वासनलिकेत नळी आणि शिरेतून औषधे यांची भर घातल्यावर रुग्णालयात जिवंत दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १०.९ वरून १४.६ टक्क्यांवर गेले, पण घरी जाणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते तेथेच राहिले.

म्हणून माझी विनंती अशी की पानावर तीस दिवसांनी किंवा डिस्चार्जच्या वेळी जिवंत असणे हा आकडा असावा आणि त्यासोबत मेंदूची स्थितीही असावी. परावलंबित्व मोजणाऱ्या सुधारित रँकिन मापनात ० ते ३ म्हणजे साधारणपणे स्वतःचे स्वतः चालू-फिरू शकणारा माणूस. ही नोंद करायला प्रशिक्षित व्यक्तीला काही मिनिटे पुरतात. नाडी परत येण्याचा आकडा टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. गाडीतले काम आणि रुग्णालयातले काम वेगळे पाहायचे असेल तेव्हा तो उपयोगी पडतो, कारण डिस्चार्जपर्यंतच्या निकालात आमच्या विभागाचाही वाटा असतो.

पहिला_फोन

या चर्चेत गाडी निघण्यापूर्वीचा भाग राहून जाऊ नये. मी नियंत्रण कक्षात फोन घेतो. रुग्णाच्या दृष्टीने रुग्णवाहिका सेवा सुरू होते ती फोन उचलला जातो तेव्हा, आणि पहिला उपचार गाडीने नव्हे तर फोनवरच्या सूचनांनी घडू शकतो.

येथे मोजण्यासारख्या गोष्टी स्पष्ट आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने फोनवरून दिल्या जाणाऱ्या सीपीआरसाठी सुचवलेल्या कसोट्यांनुसार, फोनवरून ओळखता येण्यासारख्या कार्डिअॅक अरेस्टपैकी ९५ टक्के ओळखले गेले पाहिजेत, ओळखण्यास लागणारा मध्यक कालावधी ९० सेकंदांच्या आत असावा, आणि फोन लागल्यापासून छातीवर पहिला दाब पडेपर्यंत १५० सेकंदांहून कमी वेळ जावा. हे सर्व ध्वनिमुद्रणावरून मोजता येते, आणि मोजायचे तर ध्वनिमुद्रण ऐकावेच लागते, संगणकावरची नोंद पुरत नाही. कारण ओळख चुकते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. हृदय बंद पडल्यानंतरही अनेक रुग्ण काही काळ अडखळत, घुरघुरत, मोठ्या अंतराने श्वास घेतल्यासारखे करतात आणि घाबरलेले नातेवाईक 'श्वास चालू आहे' असे सांगतात. त्या उत्तरावर विश्वास ठेवून आपण पुढचा प्रश्न विचारला, तर ती केस 'बेशुद्ध रुग्ण' म्हणून नोंदली जाते, आणि मग आमच्या कक्षाच्या चुकलेल्या केसेसच्या यादीतही ती येत नाही. म्हणून तपासणी पुढून नव्हे, मागून सुरू करावी लागते: गाडीवरच्या कर्मचाऱ्यांनी कार्डिअॅक अरेस्ट असल्याचे सांगितलेले सर्व रुग्ण घ्यायचे आणि त्यांचे मूळ फोन ऐकायचे.

जवळच्या माणसांनी दिलेल्या सीपीआरचे प्रमाण रुग्णवाहिकेच्या हातात नसते, असे म्हटले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. डेन्मार्कमध्ये हे प्रमाण २००१ मधील सुमारे २१ टक्क्यांवरून २०१० मध्ये सुमारे ४५ टक्क्यांवर गेले आणि तीस दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्के झाले. त्यामागे शाळांतले आणि वाहन परवान्यासाठीचे सक्तीचे प्रशिक्षण होते, तसेच नियंत्रण कक्षांत आरोग्य कर्मचारी नेमणे हेही होते.

सावली

मी या क्षेत्रातली नाही. माझ्या वडिलांना कार्डिअॅक अरेस्टनंतर रुग्णवाहिकेतील लोकांनी वाचवले, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी जवळचा आहे. वरील सर्व वाचून एक प्रश्न पडला. असे आकडे तयार झाले, तर सेवांची क्रमवारी लावून ती जाहीर करावी का? नागरिकांना आपली सेवा कोठे आहे हे कळण्याचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

छेद

सावली, आकडे जाहीर व्हावेत याबद्दल माझे दुमत नाही. क्रमवारीबद्दल मात्र आहे. उत्स्टाइन गटातले रुग्ण एका मध्यम आकाराच्या सेवेत वर्षाला फार नसतात. समजा ४० होते आणि १२ वाचले. प्रमाण ३० टक्के दिसते, पण एवढ्या लहान संख्येवरून खरे प्रमाण साधारण १८ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते एवढेच म्हणता येते. पुढच्या वर्षी ९ वाचले तर वर्तमानपत्रांत घसरण म्हणून छापून येईल, आणि प्रत्यक्षात सेवेत काहीही बदललेले नसेल. त्यामुळे तीन वर्षांचे आकडे एकत्र करावेत, अनिश्चिततेची पट्टी सोबत दाखवावी, आणि सेवांची तुलना क्रमांक लावून करण्याऐवजी रुग्णसंख्येनुसार अपेक्षित चढउताराच्या बाहेर कोण जाते, हे नरसाळ्याच्या आकाराच्या आलेखावर दाखवावे. जी सेवा त्या रेषेबाहेर खाली आहे, तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्क तेव्हा खऱ्या अर्थाने वापरता येईल.

गाडीवरचा

मी पॅरामेडिक आहे. वरच्या बहुतेक सूचना मला पटतात, पण त्या ज्याच्यावर लागू होणार त्याच्या बाजूनेही लिहिले पाहिजे.

आमच्या डिफिब्रिलेटरमध्ये, म्हणजे शॉक देणाऱ्या यंत्रात, प्रत्येक केसची पूर्ण नोंद राहते. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोली, एकूण वेळेपैकी निदान ६० टक्के आणि शक्य तर ८० टक्के वेळ दाब चालू असणे, शॉकपूर्वीची विश्रांती १० सेकंदांच्या आत, हे सगळे त्यातून निघते. वर्षाच्या अखेरीच्या टक्केवारीपेक्षा मला याच नोंदीचा उपयोग जास्त होतो. रुग्ण वाचेल की नाही हे त्याचे वय, आजार आणि आम्ही पोहोचण्याआधी गेलेली मिनिटे यांवरही ठरते. शॉकपूर्वी मी हात किती सेकंद काढून ठेवले, हे मात्र माझ्यावर ठरते आणि पुढच्या केसमध्ये ते सुधारता येते. नोंद वाचल्यावर कळते की वेळ कुठे गेला: नाडी चाचपण्यात, नळी घालण्याच्या प्रयत्नात, स्ट्रेचरवर घेताना, यंत्र चार्ज होण्याची वाट पाहताना. चार्ज होईपर्यंत दाब चालू ठेवायचा, एवढा एकच बदल पथकाने ठरवून केला तरी विश्रांती कमी होते.

नाडी परत आल्यानंतरची मिनिटेही मोजावीत. इंग्लंडमध्ये त्यासाठी ठरावीक संच आहे: बारा लीडचा ईसीजी, रक्तातील साखर, श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे मापन, ऑक्सिजन, रक्तदाब आणि शिरेतून द्रव.

मात्र ही नोंद कोणाच्या हातात जाते, यावर सगळे अवलंबून आहे. ती शिस्तभंगाच्या फाइलमध्ये गेली की नोंदी अपुऱ्या येऊ लागतात, यंत्रातून माहिती उतरवून घेणे मागे पडते आणि अवघड केसेसचेच कागद सापडत नाहीत. याउलट केसनंतर दोन-तीन दिवसांत पथकासोबत बसून कोणी आलेख समजावून सांगितला, तर लोक स्वतः माहिती आणून देतात. घड्याळांचाही मुद्दा आहे. नियंत्रण कक्षाचे घड्याळ आणि डिफिब्रिलेटरचे घड्याळ यांत दोन मिनिटांचा फरक असेल, तर पहिल्या शॉकपर्यंतचा आमचा कालावधी कागदावर निरर्थक ठरतो, आणि तो फरक कोणी तपासल्याशिवाय दिसत नाही.

एक प्रश्न रात्रपाळी यांना. रुग्ण तुमच्याकडे सोपवल्यानंतर त्याचे पुढे काय झाले, हे आम्हाला सहसा कळत नाही. रुग्णालयाकडे विचारले की गोपनीयतेचे कारण मिळते. मग आम्ही शिकायचे कशावरून?

रात्रपाळी

तुमची तक्रार रास्त आहे. गोपनीयतेचे बंधन आम्ही मोडू शकत नाही, पण दोन्ही संस्थांत आधी लेखी करार असेल आणि कोणी पाहायचे हे ठरलेले असेल, तर निकाल कळवायला आडकाठी राहत नाही. प्रत्येक परिचारिकेने फोनवर काय सांगावे हे त्या त्या वेळी ठरवायचे, ही पद्धत मात्र कोणालाच परवडणारी नाही.

अनुमान

सर्वांचे आभार. माझ्या पानाचा कच्चा आराखडा आता असा झाला आहे. वरती दर लाख लोकसंख्येमागे, मेंदूचे कार्य चांगले राहून वाचलेल्यांची संख्या. त्याखाली उत्स्टाइन गटाचे प्रमाण, छेद आणि अनिश्चिततेसह, तीन वर्षांचे मिळून. त्याच ओळीत उपचार सुरू न केलेल्यांची संख्या. मग फोन ते पहिला दाब आणि फोन ते पहिला शॉक, दोन्ही गाडी दाराशी येईपर्यंत नव्हे तर प्रत्यक्ष रुग्णापर्यंत मोजलेले, मध्यक आणि दहापैकी नऊ रुग्णांसाठी लागलेली कमाल वेळ अशा दोन्ही रूपांत. दाबाची खोली आणि सातत्य यांचे पथकनिहाय आकडे या पानावर नसावेत, ते पथकांपाशीच राहावेत, हे गाडीवरचा यांचे म्हणणे मी स्वीकारतो. संपूर्ण सेवेचे एकत्रित आकडे मात्र द्यावेत.

राहिला तो निकाल न कळलेल्या रुग्णांचा प्रश्न, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा अडथळा तोच आहे. समजा १०० रुग्ण रुग्णालयांत सोपवले, ७० जणांचा निकाल कळला आणि त्यांतले १४ वाचले. न कळलेले वगळले तर प्रमाण २० टक्के येते. ते सर्व दगावले असे मानले तर १४ टक्के, आणि सर्व वाचले असे मानले तर ४४ टक्के. एवढ्या रुंद पट्ट्यातून दर्जाविषयी काहीही ठरवता येत नाही, शिवाय निकाल न कळणारे रुग्ण योगायोगाने विखुरलेले नसतात. बहुधा काही ठरावीक रुग्णालयेच माहिती देत नसतात. म्हणून पानावर निकाल कळलेल्यांचे प्रमाण रुग्णालयनिहाय छापावे, असा माझा आग्रह राहील.

अमेरिकेत २००४ मध्ये रोग नियंत्रण केंद्र आणि अटलांटातील एमरी विद्यापीठ यांनी सुरू केलेल्या केअर्स नोंदणीत रुग्णवाहिकेची माहिती आणि रुग्णालयाने भरलेला निकाल एकाच नोंदीत जोडले जातात. निकालाचा अर्ज काही मोजक्या प्रश्नांचाच ठेवला आहे, आणि माझ्या मते रुग्णालये तो भरतात याचे ते एक मोठे कारण आहे. रात्रपाळी म्हणतात तसा करार झाला आणि सोपवतानाच केसचा क्रमांक रुग्णालयाच्या कागदावर चढला, तर तोच क्रमांक वापरून निकाल उलट दिशेने पथकापर्यंतही पाठवता येतो, आणि त्यात रुग्णाचे नाव कोठेही लागत नाही. कराराचा मसुदा मी तयार करतो आणि याच धाग्यावर टाकतो. रुग्णालयाच्या बाजूने त्यातली कोणती कलमे अडतील, ते रात्रपाळी यांनी पाहून सांगावे.